बारा गोधड्या, एक सुई

३ नोव्हेंबर, सोमवार. दुपार.

आजपासून रोजनिशी. कुणी वाचू नये म्हणून बॉबिनच्या खोक्यात ठेवणार.

बॉबिनच्या खोक्यात ताई दिवसातून दहा वेळा हात घालते. जागा बदलणार.

विषय असा. ताईने माझ्या वतीने बारा गोधड्या कबूल केल्यात. हाडांच्या धर्मादाय दवाखान्याला. पंधरा डिसेंबरला बाराच्या बारा पोचवायच्या. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, म्हणून विचारलं नाही, असं तिनेच सांगितलं.

कारण काय, तर बँडमास्तरांचा पाय. बँडचे बावीस युनिफॉर्म आपल्या दुकानात शिवायला आले होते. मी प्रत्येक पँटचा डावा पाय खालून शिवून टाकला. कच्चा टाका. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं की कच्चा टाका होता, जरा जोर लावला की उसवतो. एकवीस जणांनी जोर लावला, शिव्या दिल्या, हसले, विषय संपला. मास्तर मात्र एका पायावर उड्या मारत मोठ्या ड्रमवर जाऊन आदळले आणि पाय मोडला. यात टाक्याचा काय दोष? वयाचा दोष आहे.

आता मास्तर त्याच दवाखान्यात पाय टांगून पडलेत आणि बँडचं काम गेलं. ताई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली. दोन दिवसच बरे होते.

बारा गोधड्या झाल्या तर खिडकीजवळचं दुसरं मशीन माझं, मी कारागीर. नाही झाल्या तर दाजींची पोल्ट्री. शेडमागच्या खोलीत राहायचं आणि कोंबड्यांच्या खालचं उपसायचं. दाजी घरी येतात तेव्हा आधी त्यांचा वास येतो. ते चपला काढेपर्यंत वास आत येऊन खुर्चीवर बसलेला असतो.

चिंता नाही. फोनवर व्हिडिओ बघितला. एकदम झटपट पद्धत आहे. अख्खी गोधडी एकदम शिवायचीच नाही. एकेक चौकोन पूर्ण करायचा: खाली अस्तर, मधे कापसाचा थर, वर चिंध्या, सगळ्यातून आरपार शिलाई. असे चौकोन तयार झाले की पट्ट्यांनी एकमेकांना जोडायचे. झाली गोधडी. व्हिडिओतली बाई अकरा मिनिटांत करते. बारा गोधड्या म्हणजे दोन तास बारा मिनिटं. चहा धरून अडीच.

ताई एवढा दीड महिना का धरून बसली आहे, कळत नाही.

४ नोव्हेंबर.

दुकानाबाहेर पाटी लावली: गोधड्यांसाठी कापडाचे तुकडे द्या. संध्याकाळपर्यंत सात पोती.

लोकांची घाण वाटते मला. दान म्हटलं की माणूस आधी घरातला कचऱ्याचा डबा शोधतो. कॉलरी आल्या, आतून काळ्या. मोजा आला, एकच. गादीच्या खोळीचा तुकडा आला, त्यावर कुठल्यातरी पोराने काढलेला पिवळा नकाशा. एका कोटाच्या खिशात चघळलेलं च्युइंगम, कागदात नीट गुंडाळलेलं. म्हणजे परत खायचा विचार होता.

काजवाली म्हणाली की सगळं आधी उकळून घ्यायला पाहिजे. काजवाली म्हणजे दुकानात काज-बटणं करते ती. माझ्याच वयाची. तिला वाटतं तिला सगळं कळतं. मी म्हटलं, उकळून घे की मग. तिने घेतलं. हाताखालची माणसं कशी वापरायची हे रक्तात असावं लागतं.

६ नोव्हेंबर.

अजून शिवायला सुरुवात नाही. नियोजन चालू आहे. वहीत टाइमटेबल आखलं. रोज एक गोधडी, रविवारी सुट्टी. वीस तारखेला मोकळा. नंतरचे दिवस दुसऱ्या मशीनवर हात बसवायला.

टाइमटेबल रंगीत खडूने केलं. ताई म्हणाली, खडू कापडासाठी असतो.

८ नोव्हेंबर.

दिवसभर कपडे फाडले. नाकात, कानात, चहात धागे. शिंकलो की रुमालावर कळतं आज कुठल्या रंगाचं कापड होतं. आज निळं.

दाजींनी विचारलं, उद्योगी, किती झाल्या? मला उद्योगी म्हणतात आणि नाकातून हसतात. मी म्हटलं, पाया चालू आहे. ते म्हणाले, खोलीला चुना मारून ठेवतो.

१२ नोव्हेंबर.

अठ्ठेचाळीस चौकोन कापून तयार! लिहितानासुद्धा बरं वाटतं. आडवे सहा, उभे आठ.

नमुन्यासाठी पेपरचा चौकोन कापला होता, नऊ इंची. पहिला तुकडा कापल्यावर त्या कागदाचं विमान केलं. बरोबर काजवालीच्या वेणीत जाऊन रुतलं. अर्धा तास तिला पत्ता नाही. दोन गिऱ्हाइकं हसून गेली.

कागद गेला म्हणून काही अडलं नाही. पहिल्या चौकोनावर ठेवून दुसरा कापला, दुसऱ्यावर ठेवून तिसरा. भोवती खडू फिरवायचा आणि कात्री चालवायची. डोकं असलं की माप लागत नाही.

१७ नोव्हेंबर. संध्याकाळ.

व्हिडिओतल्या बाईने एक गोष्ट लपवली. पट्ट्यांची वरची बाजू मशीनवर होते, मागची बाजू हाताने तुरपायची. अख्खी. हाताने. ती बाई तिथे गाणं लावते आणि पुढच्या सेकंदाला गोधडी तयार. चोर आहे. खाली कॉमेंट टाकली.

बोटांची चाळण झाली.

आणि एक बारीक गोष्ट. सुई हरवली.

हरवली म्हणजे, कुठेतरी आहे. मधे उठलो होतो तेव्हा टोचून ठेवली होती. कुठे, ते आठवत नाही. मांडीवर गोधडी होती, बाजूला चिंध्यांचा ढीग, मागे पुढच्या गोधडीच्या कापसाची गुंडाळी. तिन्ही चाचपली. नाही.

आता ताईचा नियम: हातसुया डब्यातून सकाळी मोजून घ्यायच्या, संध्याकाळी मोजून ठेवायच्या. एकदा कुणाच्या बाळाच्या झबल्यात सुई राहिली होती, तेव्हापासून. बाळाला काही झालं नाही. पण ताई अजून सांगताना हळू बोलते.

मी घरून एक सुई आणून डब्यात टाकली. दहाच्या दहा. कुणाचं काही बिघडलं नाही.

१८ नोव्हेंबर.

काजवालीने डबा उघडला, बघितला, म्हणाली, डब्यात पाहुणी आली आहे वाटतं. घरची सुई जरा गंजलेली होती, नाक मोठं.

मी म्हटलं, सुयांना काय आधारकार्ड असतं का? तिने डबा बंद केला आणि काज करायला बसली. तिच्या काही न बोलण्याचा मला तिटकारा आहे.

२० नोव्हेंबर.

पहिली गोधडी पूर्ण. टेबलावर पसरली.

गोधडी वर अरुंद आणि खाली रुंद आहे. थोडीशी नाही. वरचा पहिला चौकोन नऊ इंच, खालचा शेवटचा साडेबारा. अख्खी गोधडी म्हणजे पाय फाकवून उभा राहिलेला माणूस. उन्हात वाळत घातली तर लोक घाबरतील.

कापड आक्रसतं हे माहीत होतं. वाढतं हे कुणी सांगितलं नव्हतं. उकळल्यामुळे झालं असणार. उकळलं कुणी? काजवालीने.

ताईने गोधडीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आत गेली आणि पुठ्ठ्याचा नऊ इंची चौकोन कापून माझ्या पुढ्यात टाकला. आजपासून यावरूनच कापायचं.

तरीही उद्या ही दवाखान्यात नेणार. अकरा बाकी. रोज अर्धी केली तरी होतील.

२१ नोव्हेंबर.

काय दिवस आहे!

दवाखान्यात फिनाइल, मलम आणि गार झालेल्या पातळ वरणाचा वास. मास्तरांचा पाय कप्पीला टांगलेला, खाली वाळूची पिशवी. मला बघून त्यांनी डोळे मिटले. सिस्टर म्हणाल्या की यांचा खरा त्रास थंडीचा आहे. पाय वर असल्यामुळे साधं पांघरूण पुरत नाही. पायावर ओढलं तर छाती उघडी, छातीवर ओढलं तर पाय उघडा, आणि कडेने वारा शिरतो.

मी हळूच गोधडी काढली, घडीत ठेवून पळायच्या बेताने. सिस्टरनी ती उघडून पसरली. वरचं अरुंद टोक मास्तरांच्या खांद्याशी, खालचं रुंद टोक टांगलेल्या पायावरून दोन्ही बाजूंनी थेट गादीपर्यंत. तंबू. कुठूनही वारा शिरणार नाही.

सगळा वॉर्ड बघत होता. मास्तरांनी डोळे उघडून विचारलं, मुद्दाम अशी केलीस?

मी म्हटलं, मग काय, माप घेऊन केली.

सिस्टरनी ताईला फोन करून माझं कौतुक केलं. ताईने जेवताना मला दुसऱ्यांदा वाढलं. दाजी नाकातून हसले नाहीत.

मी आधीपासून म्हणत होतो, डोकं असलं की माप लागत नाही.

२२ नोव्हेंबर.

सकाळी जाग येताच एक विचार आला. सुई त्या गोधडीत असेल तर?

नसेल. फरशीवर पडली असेल. केरात गेली असेल.

२४ नोव्हेंबर.

दवाखान्यात जाऊन आलो. सहज. मास्तरांची गोधडी नीट करायच्या निमित्ताने एक रांग चाचपली. सुई नाही. सिस्टर म्हणाल्या, किती माया आहे रे तुला.

मास्तर तोंड उघडं टाकून झोपतात आणि लाळ गळते. पहिल्या रांगेत हात घातला तर हात ओला. किळस आली. हात पँटला पुसला. पँट घरी येऊन धुतली.

दुकानात चुंबक आहे, सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा. ताईच्या टेबलाला साखळीने बांधलेला. फिरवला असता तर दोन मिनिटांचं काम. पण चुंबक मागितला की कशाला हे विचारणार, आणि सांगितलं की दुसरं मशीन गेलं. हाताने शोधणार. अठ्ठेचाळीस चौकोन, रोज सहा. आठ दिवस.

२७ नोव्हेंबर.

सिस्टरचा निरोप. बाकीच्या अकरा गोधड्या अगदी तशाच पाहिजेत. तो वॉर्डच टांगलेल्या पायांचा आहे.

मी म्हटलं, अवश्य.

ताईने विचारलं, तशी कशी केली होतीस? मी म्हटलं, हाताचं वळण असतं.

१ डिसेंबर.

दुसरी गोधडी तयार. सरळ. इतकी सरळ की टेबलालाही लाज वाटावी. पुठ्ठ्यावरून आधीच कापून ठेवली होती, तीच शिवून काढली. शिवताना एका चौकोनावर मशीनची सुई कट्‌कन तुटली, काही कारण नसताना. भंगार मशीन. माझं झालं की आधी दुरुस्त करून घेणार.

सिस्टरकडे नेली. त्यांनी एका टांगलेल्या पायावर टाकली, घसरून खाली आली. पुन्हा टाकली, पुन्हा आली. परत दिली. ती पहिल्यासारखी हवी, म्हणाल्या.

तिसरी मुद्दाम तिरकी कापली, प्रत्येक चौकोन अंदाजाने मोठा. जोडली तर गोगलगाय झाली. मधोमध फुगा आला. ताईने फुग्यावर हात ठेवला, तो दुसरीकडे गेला.

स्वतःची चूक पुन्हा करता येत नाही, यासारखी चीड आणणारी गोष्ट जगात नाही.

नवं टारगेट: सहा गोधड्या. सहा, पण उत्तम.

३ डिसेंबर.

काजवालीने ड्रॉवरमधून कागदी विमान काढलं. ठेवलं होतं तिने. उलगडून माझ्यासमोर ठेवलं. नऊ इंची चौकोन, घड्या पडलेला.

म्हणाली, कागद उडवून दिलास आणि मग एकावर ठेवून एक कापत गेलास ना? खडूची रेघ दरवेळी बाहेरून येते. एका वेळी दोऱ्याएवढीच वाढ. कुणालाच दिसत नाही. अठ्ठेचाळिसाव्याला दिसते.

मी म्हटलं, मला माहीतच होतं.

ती म्हणाली, तुझ्या थापांचंही तसंच आहे. मागच्या थापेवर ठेवून पुढची कापतोस.

अशा मुलीशी लग्न करणाऱ्याची दया येते. तो कोण असेल याचा मी विचार करत नाही.

६ डिसेंबर.

मास्तरांकडे गेलो. अजून तीस चौकोन तपासायचे आहेत, मधे रांग चुकली म्हणून पुन्हा पहिल्यापासून. आता माझी वाट बघतात. त्यांनी मला क्लॅरिनेटची गोष्ट सांगितली. लांबलचक. मधे खोकले, चेहऱ्यावर शिंतोडे. मी गोधडी दाबत होतो, त्यांना वाटलं पाय चेपतोय. म्हणाले, पोटच्या पोरानेसुद्धा एवढं केलं नाही, त्याला सवड नसते.

घरी येताना आपलीच गल्ली चुकून पुढे गेलो. दवाखान्यातला चहा.

नवं टारगेट: चार.

१० डिसेंबर.

लिहायचं नव्हतं. लिहितो.

मास्तरांना उद्या सोडणार. गेलो तर शेजारच्या खाटेवरची मुलगी माझ्या गोधडीत बसलेली. चार वर्षांची, कमरेपासून खाली प्लास्टर. मास्तरांनी गोधडी तिला देऊन टाकली होती. तिला कापड चघळायची सवय. उशीचं टोक चघळून तिने त्याची वात केली आहे. ओलं, करडं, शिळ्या दुधाचा वास. माझ्यासमोर तिने गोधडीचं टोक उचललं आणि तोंडात घातलं. ज्या टोकाला मी अजून पोचलो नव्हतो, ते.

मी ओढून घेतलं. जोरात. तिने भोकाड पसरलं. तिची आई उठली, सिस्टर धावत आल्या, लहान पोरीचं पांघरूण ओढतोस, लाज नाही वाटत का, असं सगळं. तेव्हाही सांगता आलं असतं की धुवायला नेतो म्हणून. थाप तयार होती. जिभेवर होती. त्या थापेच्या खालची थाप, आणि तिच्या खालची, सगळ्या दिसल्या एकदम.

मी म्हटलं, "यात सुई आहे. असेल. माझी हरवली होती, मी सांगितलं नाही."

मग सुरू झालंच होतं म्हणून पुढचंही सांगितलं. गोधडी मुद्दाम तशी केली नव्हती. चुकली होती.

सिस्टरनी गोधडी उचलून बाजूला ठेवली.

मास्तर म्हणाले, "म्हणजे तू रोज सुई शोधायला येत होतास?"

मी मान हलवली.

ते म्हणाले, "मला वाटलं मला भेटायला."

एवढंच. पँट शिवली तेव्हा शिव्या दिल्या होत्या, त्या बऱ्या होत्या.

११ डिसेंबर.

ताईने साखळी सोडून चुंबक दवाखान्यात नेला. सगळ्यांच्या देखत अठ्ठेचाळीस चौकोन, दोन्ही बाजूंनी. काही नाही. कडेच्या पट्ट्या, काही नाही. पुन्हा एकदा. काही नाही.

सुई त्या गोधडीत नव्हतीच. म्हणजे मी उगाच बोललो. हे ताईला समजावून सांगायला गेलो. तिने डब्यातून घरची गंजकी सुई वेचून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

दाजी म्हणाले, चुना वाळलाय.

१५ डिसेंबर.

आज गोधड्या पोचवल्या. माझी एक. काजवालीने, ताईने आणि दोन शेजारणींनी चार दिवसांत सहा केल्या, एकावर एक ठेवून कापत, चुकत चुकत, अगदी बरोबर. उरलेल्या पाच महिनाअखेर देणार. माझी गोगलगाय दुकानात पायपुसणं म्हणून टाकली आहे. फुगा अजून फिरतो.

दुसऱ्या मशीनवर काजवाली बसली. खिडकीतून ऊन तिच्या हातावर पडतं. मी निघालो तेव्हा तिने वर बघितलं नाही. बॅग उघडली तेव्हा वरच कागदी विमान होतं, पुन्हा घड्या घालून. पंखावर लिहिलंय: नऊ इंच. विसरू नकोस.

१७ डिसेंबर. पोल्ट्री.

ही तात्पुरती व्यवस्था आहे. इथे सुधारणेला खूप वाव आहे. दाजींना महिन्याभरात माझ्यावाचून चैन पडणार नाही.

आज सहाशे कोंबड्यांच्या खालचं उपसलं. खोऱ्याला चिकटतं, बुटाला चिकटतं, मग सगळीकडे. डोळे चुरचुरतात. भाकरी हातात घेतली तर भाकरीला वास. हात हुंगला तर हाताला वास. आता मी घरी गेलो तर माझ्या आधी वास पोचेल आणि खुर्चीवर बसेल. कोंबड्या मान वाकडी करून एका डोळ्याने बघतात, ताईसारख्या.

खोलीत वारा शिरतो. ताईने माझ्या सामानात ती सरळ गोधडी घातली आहे, परत आलेली. म्हणजे बारांसाठी केलेली एक दान म्हणून मलाच. दोन रात्री पांघरतोय. ऊब बरी आहे. एवढं म्हणेन, शिलाई चांगली आहे.

रविवारी सुट्टी. मास्तर आता घरी असतात, एकटे. जाऊन यावं म्हणतो. पण काय सांगून जाणार? कारण लागतं ना काहीतरी.

१८ डिसेंबर. सकाळी ६.१०.

सुई सापडली.

डावी मांडी.